ऑक्टोपसच्या 'डोक्यात' बासमतीची कणी निघाली! अंडी घालून आई मरते हे खरं काय हो?

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी, हे स्वयंपाकात टाकावं का विज्ञानात हे कळेना म्हणून इथं टाकायलेय, चुकलं असलं तर ॲडमिननी हलवावं.

परवा रविवारी आमचे हे सुरमई आणायला गेले आणि सुरमई महाग म्हणून दोन ऑक्टोपस घेऊन आले. चोर्ल्याकडनं पहाटेची गाडी येते की, तिच्यातले, कोण घेईना म्हणून मासेवाल्या मावशीनं जवळजवळ गळ्यातच मारले म्हणे. माकूल मी माहेरपासनं साफ करत आलेय, त्याचं काय नाही, पण हे आठ हातांचं प्रकरण पहिल्यांदाच. शेजारच्या अक्कांनी खिडकीतनं बघितलं आणि खिडकी लावून घेतली, त्या शाकाहारी, त्यांचं काय चुकलं नाही.

तर एकाचं डोकं मोज्यासारखं उलटं केलं, आत लिंबाएवढी पांढरट पिशवी, तिला सुरीचं टोक लागलं आणि फुटली, तर आतनं नुसते दाणे! आपली बेळगाव बासमती गिरणीतनं आणल्यावर चाळणीखाली जी कणी पडते ना, तश्शी. प्रत्येक कणीला एका टोकाला केसाएवढी शेपटी. आधी किडे वाटले, मग म्हटलं गाबोळी असणार, पण माशाची गाबोळी अशी सुटी सुटी नसते. धाकटा दहावीत आहे, तो लगेच मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला आई ही अंडी आहेत, ऑक्टोपसची आई एकदाच अंडी घालते, मग उपाशी बसून राखते आणि मरते. वर म्हणतो तू संकष्टीला करतेस तसंच.

हसण्यावारी नेलं पण रात्री डोक्यातनं जाईना. आई मेली तर पिल्लांना बघणार कोण? आणि सगळेच ऑक्टोपस असं करतात का उथळ समुद्रातले वेगळे, खोल समुद्रातले वेगळे असं काय असतं? आपल्याकडं एकाच जातीची शेळी माळावर वेगळी वाढते आणि खानापूरच्या पावसात वेगळी, तसं समुद्राचं पण असणार की. कोण जाणकार असेल तर सांगा, पण सोप्यात सांगा, माझं शिक्षण बीकॉम.

निपाणी_एक्सप्रेस

वैनी आधी हे सांगा की खाल्लं का टाकलं 😄

बाकी सोपं आहे हो, आई मरते म्हणजे तिचं अंग कुजतं आणि पिल्लं तेच खाऊन मोठी होतात. निसर्गात काय फुकट जात नाही. जात टिकावी म्हणून आई जीव देते.

जांबोटीचा_मास्तर

निपाणीकर, तुमचं वाक्य ऐकायला झकास आहे पण दोन्हीकडनं चूक आहे, त्याच्याकडं येतो. आधी वैनींचं.

वैनी, पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही उलटं केलंत ते डोकं नव्हेच. ते पोट. डोळे जिथं आहेत तेवढंच डोकं, त्याच्या एका बाजूला हात आणि दुसऱ्या बाजूला ती पोटाची पिशवी, काळीज, कल्ले, शाई सगळं त्या पिशवीत, आणि मादी असेल तर पार शेवटच्या टोकाला अंडाशय. तुम्ही फोडलंत ते अंडाशय. आणि ती केसाएवढी शेपटी आहे ना, तिनंच पुढं काम होतं, मादी त्या शेपट्या एकमेकांत गुंफून माळा करते आणि कपारीच्या छताला चिकटवते, किंवा काही जातींत एकेक अंडं सुटं दगडाला चिकटवते. वेणीत मोगरा गुंफतात तसं म्हणा.

मग ती त्यांच्यापाशी बसते. बसते म्हणजे नुसती बसत नाही, सोंडेसारखी नळी असते तिच्यातनं अंड्यांवर सारखं ताजं पाणी मारते म्हणजे त्यांना प्राणवायू मिळतो, हाताच्या चकत्यांनी, म्हणजे हातावर त्या चिकटणाऱ्या गोल वाट्या असतात ना त्यांनी, पुसते म्हणजे बुरशी-शेवाळ धरत नाही, कोण जवळ आलं तर ढकलते. बहुतेक जातींत ह्या काळात ती खात नाही. अंडी फुटायच्या सुमाराला ती संपलेली असते. तर तुमच्या मुलानं बरोबर सांगितलंय, फक्त संकष्टीला चंद्र उगवतो, इथं उगवत नाही.

पण ती भुकेनं मरते असं समजू नका. दोन डोळ्यांच्या मध्ये मेंदूला लागून तिच्या दोन बारक्या ग्रंथी असतात. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की नावाच्या शास्त्रज्ञानं अंडी राखत बसलेल्या माद्यांच्या ह्या ग्रंथी काढून टाकल्या, तर माद्या अंडी सोडून उठल्या, परत खायला लागल्या, वजन धरलं आणि बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त जगल्या. म्हणजे मरणाचं बटण आत आहे, ठरवून बसवल्यासारखं. अगदी अलीकडं, २०२२ मध्ये, असं दिसलं की अंडी घातल्यावर ह्या ग्रंथीत कोलेस्टेरॉलपासनं होणाऱ्या रसायनांचं सगळं गणितच बदलतं. पाळलेल्या माद्या शेवटी शेवटी आपलेच हात चावतात, टाकीच्या भिंतीला अंग घासतात, बघवत नाही.

आता 'असं बटण उत्क्रांतीनं ठेवलंच कशाला' हा खरा प्रश्न. ह्याचं उत्तर समुद्रात शोधायच्या आधी आपल्या वाटेवर बघा. कणकुंबीच्या पुढं चोर्ल्याकडं जाताना कारवी आहे. सात-आठ वर्षं नुसती पानं, मग एका वर्षी सगळा डोंगर जांभळा, बी पडलं की झाड वाळलं. बांधावरचं घायपात, तेच, वर्षानुवर्षं काटे आणि मग एकदा तो खांबाएवढा दांडा येतो की संपलं. आणि वैनी, ज्या बासमतीच्या कणीची तुम्ही उपमा दिली ते भात तरी काय करतं? एकदा पोसवलं, दाणा भरला की पेंढा. तेव्हा हे जगावेगळं नव्हे, आपल्याला जनावरात बघायची सवय नाही एवढंच.

कुठल्या जिवाला हे परवडतं? ज्याला पुढच्या वर्षी आपण असू ह्याची खात्री नाही त्याला. ऑक्टोपसच्या पूर्वजांना शंख होता. त्याचा एक लांबचा चुलत भाऊ अजून शंखात राहतो, नॉटिलस, तो वीसेक वर्षं जगतो आणि दरवर्षी थोडी थोडी अंडी घालतो, घाई नाही. ऑक्टोपसनं शंख सोडला, त्यामुळं बोटभर फटीत शिरता आलं, शिकार जमली, मेंदू वाढला, पण अंग म्हणजे नुसतं बोनलेस मटण. शार्क, वाम, घोळ, सील, माणूस, सगळे गिऱ्हाईक. असल्या जिवानं अर्धी ताकद पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली आणि पुढचं वर्ष बघायलाच मिळालं नाही तर ती ताकद वाया गेली. त्यापेक्षा भराभर वाढा, एकदाच सगळं लावा. शंख गेल्यामुळं आयुष्य आखूड झालं हा विचार आज बरेच जण मानतात, शंभर टक्के सिद्ध झालाय असं मी म्हणणार नाही.

निपाणीकर, आता तुमचं. पिल्लं आईला खात नाहीत. उथळ पाण्यातल्या बऱ्याच जातींची पिल्लं अंड्यातनं निघाली की वर तरंगत जातात, आई खाली कपारीत. आणि 'जात टिकावी म्हणून' असं उत्क्रांतीत चालत नाही, जातीचा हिशोब कोण ठेवत नसतो. ज्या आईची पिल्लं जास्त जगली तिचा स्वभाव पुढं गेला, एवढंच. आता एक अंदाज असा आहे की ऑक्टोपस आपल्याच जातीचे लहान खातात, तेव्हा भुकेली आई जिवंत राहिली तर तिचीच पिल्लं तिच्या तोंडात जायची, म्हणून मेलेली बरी. अंदाज आहे. पटला तर घ्या.

खोल आणि उथळ ह्याबद्दल कारवारला शिकलेली एक मुलगी इथं असते, ती सांगेल, माझं समुद्रातलं ज्ञान पुस्तकी.

निपाणी_एक्सप्रेस

मास्तर, मान्य, माघार. पण एक शंका राहिली. बटण जर आतच आहे तर मग ह्याच्यात पर्यावरण कुठं आलं? म्हणजे पाणी गार असो नाहीतर गरम, ती मरणारच की. वैनींचा प्रश्न शेळीचा होता, त्याचं उत्तर तुम्ही कारवीवर नेलंत.

कारवार_रिटर्न

आले आले, मास्तरांनी हाक मारली म्हटल्यावर. मी मूळची खानापूरची, कारवारला मरीन बायॉलॉजी केलं, आता बेळगावात पोरांच्या ट्यूशन घेते, समुद्र फक्त सुट्टीत.

निपाणीचे दादा बरोबर बोलताहेत. मरायचं हे जवळजवळ सगळीकडं सारखंच आहे. पण किती अंडी, केवढी अंडी, किती दिवस राखायची आणि कुठं ठेवायची, हे चारही समुद्रानं ठरवलंय. आणि त्यात सुद्धा सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाण्याचं तापमान.

नेहमीचा जो ऑक्टोपस, ऑक्टोपस व्हल्गॅरिस, भूमध्य समुद्राकडचा, त्याची मादी एक ते पाच लाख अंडी घालते, एकेक अंडं दोन-अडीच मिलिमीटर. पाणी कोमट, पंचवीस डिग्रीच्या आसपास असेल तर तीन-साडेतीन आठवड्यांत पिल्लं बाहेर, तेच पाणी तेरा डिग्री असेल तर चार महिने लागतात. अंडं तेच, आई तीच. दही लागतं तसं, मे महिन्यात चार तासात आणि डिसेंबरात घोंगडी गुंडाळली तरी सकाळ होते.

आता खाली चला. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे कॅनियनमध्ये १४०० मीटर खोल, पाणी ३ डिग्री. २००७ च्या मे महिन्यात तिथल्या संशोधकांना पाणबुडी रोबोटच्या कॅमेऱ्यात एक मादी खडकाला चिकटून बसलेली दिसली, ग्रॅनेलेडोन बोरिओपॅसिफिका. अंगावरच्या जखमांच्या खुणांवरनं ती ओळखता यायची. परत गेले, तीच. सहा महिन्यांनी गेले, तीच. एकूण १८ वेळा गेले, दरवेळी तीच, त्याच जागी. शेजारनं खेकडे-कोळंबी फिरायच्या, तिनं हात लावला नाही, रोबोटच्या हातानं खेकड्याचा तुकडा पुढं केला तरी घेतला नाही. अंडी मोठी होत गेली आणि ती मात्र पांढरी पडत गेली, कातडी लोंबायला लागली, डोळ्यांवर साय आल्यासारखं झालं. २०११ च्या सप्टेंबरमध्ये होती, ऑक्टोबरमध्ये गेले तर खडकावर नुसती रिकामी टरफलं. ५३ महिने! साडेचार वर्षांच्या जवळपास! २०१४ मध्ये ब्रूस रॉबिसन आणि सहकाऱ्यांनी हे छापलं, कुठल्याच प्राण्यात ह्याहून लांब अंडी राखल्याची नोंद तोवर नव्हती. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती खरंच सांगते.

आणि टरफलं मोजली तर दीडशेच्या थोडी वर. तिकडं पाच लाख, इकडं दीडशे. का? कारण उथळ समुद्रात वर ऊन आहे, प्लँक्टन म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव आहेत, तीळाएवढं पिल्लू सुद्धा तरंगत तरंगत काही ना काही खाऊन जगू शकतं. जगतं म्हणजे लाखात एखाददुसरं, पण लाख आहेत ना. १४०० मीटर खाली तरंगून खाणार काय, अंधारच अंधार. तिथं पिल्लानं पहिल्या दिवसापासनं मोठ्यासारखं चालत शिकार करायला पाहिजे. म्हणजे तयार होऊनच बाहेर पडायला पाहिजे. म्हणजे बलक जास्त, अंडं मोठं, आईच्या पोटात जागा तेवढीच म्हणून संख्या कमी. आणि मोठं अंडं, त्यात गार पाणी, म्हणून वर्षं लागणार. आणि ज्या गारठ्यानं अंडं हळू वाढतं त्याच गारठ्यानं आईचं अंग पण हळू जळतं, म्हणून ती एवढी वर्षं न खाता टिकते. आपल्या पंचवीस डिग्रीत असती तर दोन महिने निघाली नसती.

ज्यांना हे लांबचं वाटतं त्यांनी पहिल्या पावसात जांबोटीच्या ओढ्यात बॅटरी घेऊन जावं. मादी खेकडा उलटा करा, पोटाखालची झाकणी उघडा, आत बोटाच्या पेराएवढ्या जागेत पन्नास-शंभर बारके खेकडे, अगदी आईसारखे, नांग्यांसकट. समुद्रातली चिंबोरी मात्र लाखांनी अंडी सोडते आणि त्यातनं खेकड्यासारखं काही निघतच नाही, तरंगणारा शिंगं असलेला ठिपका निघतो. खेकडेच दोन्ही. पण ओढ्याला लाखभर तरंगती पिल्लं सोडली तर पहिल्याच पुरात मलप्रभेत जातील की. घाटातल्या खेकड्यानं आणि खोल समुद्रातल्या ऑक्टोपसनं उत्तर एकच काढलंय, थोडी, मोठी, तयार. (खेकड्याची आई मरत नाही हं, ती पुढच्या वर्षी परत.)

खडेबाजार_बॉय

गार पाण्यात जर साडेचार वर्षं लागतात तर मग गरम पाण्याचा झरा शोधायचा की सरळ 😂 आमच्या आजीचं कोंबडीचं टोपलं चुलीजवळ असायचं.

कारवार_रिटर्न

हसू नका, तेच करतात! ह्याच माँटेरेच्या दक्षिणेला डेव्हिडसन नावाचा समुद्रात बुडालेला ज्वालामुखीचा डोंगर आहे. २०१८ मध्ये त्याच्या पायथ्याशी, ३२०० मीटर खाली, हजारो ऑक्टोपस माद्या एकमेकींना खेटून बसलेल्या सापडल्या, सगळ्या पोटाखाली अंडी घेऊन, हात वर वळवून पाठ बाहेर. जात म्युसॉक्टोपस रोबस्टस. मोजलेल्याच सहा हजार, एकूण वीस हजारांपर्यंत असाव्यात. आजूबाजूचं पाणी १.६ डिग्री, पण त्या ज्या फटींत बसल्यात तिथनं कोमट पाणी झिरपतं, अंड्यांपाशी पाचेक डिग्री, काही ठिकाणी दहा-अकरापर्यंत. १.६ डिग्रीच्या हिशोबानं अंडी फुटायला पाच ते आठ वर्षं किंवा जास्त लागायला पाहिजेत. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या आत फुटतात. २०२३ ला हे छापून आलं. जेवढे दिवस कमी तेवढी अंडी कोण खाऊन टाकायची भीती कमी. आजीचं टोपलं आणि हे टोपलं एकच.

फक्त उलटं पण लक्षात ठेवा, जास्त गरम म्हणजे जास्त चांगलं नव्हे. उथळ पाण्यातल्या जातींवर प्रयोग करून बघितलं तर पाणी प्रमाणाबाहेर तापवल्यावर अंडी लवकर फुटतात खरी पण पिल्लं अर्धवट निघतात. समुद्र तापत चाललाय ह्या बातम्या वाचताना मला पहिल्यांदा तेच आठवतं.

जांबोटीचा_मास्तर

शाब्बास. खेकड्याचं उदाहरण माझ्या नावाला शोभण्यासारखं होतं, ते माझ्या हातनं सुटलं. एक विचारतो, ज्यांना खालचा दगडच नाही त्यांचं काय? म्हणजे मोकळ्या समुद्रात आयुष्य काढणारे ऑक्टोपस पण आहेत ना.

कारवार_रिटर्न

सर त्यांची तर खरी गंमत. चिकटवायला कपार नाही, तळ हजारो मीटर खाली. म्हणून प्रत्येकीनं वेगळी युक्ती काढलीय. अर्गोनॉट नावाची मादी आपल्या दोन हातांतनं चुना पाझरून कागदासारखा पातळ शंख स्वतःच बनवते, त्यात अंडी ठेवते आणि स्वतः पण त्यात बसून फिरते, म्हणजे घर गेलं तर भाड्याचं घेतलं नाही, बांधलं. काहीजणी अंड्यांचा गुच्छ हातांत धरूनच पोहत राहतात. आणि ऑसिथोई म्हणून एक आहे ती अंडी बाहेर सोडतच नाही, आतच फुटू देते आणि पिल्लं सोडते.

निपाणीच्या दादांसाठी अजून दोन, कारण 'मरणारच' ह्याला पण अपवाद आहेत. अगदी खोल समुद्रातले ते कानासारखे पंख असलेले डंबो ऑक्टोपस, त्यांच्याकडं ऋतूच नाही, बारा महिने तोच अंधार तोच गारठा, तर त्यांनी एका हंगामात सगळं लावायची पद्धतच ठेवली नाही. एकेक जाड टरफलाचं मोठं अंडं वर्षभर सवडीनं प्रवाळाला चिकटवायचं आणि पुढं जायचं, राखत बसणं नाही. आणि दुसरा मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याचा मोठा पट्ट्यापट्ट्यांचा ऑक्टोपस. ही मादी सहा सहा महिने अंडी घालत राहते, जुनी फुटताहेत, नवी घालतेय, मधनं खातेय पण, आणि नर-मादी एकाच बिळात राहिलेले बघितलेत. १९९१ मध्ये पनामात आर्काडिओ रोडानिचे ह्यांनी सांगितलं तर कोणी फारसं मनावर घेतलं नाही, २०१५ मध्ये इतरांनी पाळून बघितल्यावर मग मान्य झालं. म्हणजे बटण पण दगडावरची रेघ नाही.

आणि सगळं तापमानावर घालू नका बरं का. कॅलिफोर्नियातच दोन जवळच्या जाती आहेत, दोघांच्या डोळ्याखाली निळा ठिपका, शेजारी ठेवल्या तर ओळखू येणार नाहीत. एक चिखलाच्या खाडीत जास्त, तिची अंडी मोठी आणि थोडी, पिल्लं लगेच तळावर चालतात. दुसरी खडकाळ किनाऱ्याला, तिची बारीक आणि भरपूर, पिल्लं तरंगत जातात. समुद्र एकच, राहायची जागा वेगळी. ह्या दोघींनी वाट कुठं बदलली ह्यावर मला कोण पीएचडी करायला पैसे दिले तर उद्या निघते.

शहापूरची_सून

बाई गं, मी कणी विचारली आणि तुम्ही समुद्र दाखवलात. दोनदा वाचलं, ५३ महिन्यांचं ह्यांना पण वाचून दाखवलं, ते गप्पच बसले.

मास्तर, कारवारच्या ताई, मी काम वाढवलंय. पिशवीतली थोडी कणी मिठाच्या पाण्यात वाटीत ठेवली होती, आज पोराची कंपासमधली पट्टी घेऊन दहा दाणे ओळीनं लावले. शेपटी सोडून दहा दाण्यांचं पंचवीस मिलिमीटर भरलं. म्हणजे एक अडीच. मग चमचाभर मोजायला बसले, साडेतीनशेपर्यंत मोजले आणि डोळे गेले. पूर्ण पिशवी आठ-नऊ चमचे होती. बाकीची तळली. गाबोळीसारखी लागते पण कोरडी, पुढच्या वेळी खोबऱ्यात करीन.

ह्याच्यावरनं काय कळतं काय?

कारवार_रिटर्न

वैनी तुम्ही बीकॉम करून वाया घालवलंत!! मोजायची पद्धत अगदी बरोबर.

अडीच मिलिमीटर आणि हजारांच्या वर, म्हणजे तुमची बारीक-अंडीवाली. अंडी अजून पूर्ण पिकली नसतील तर थोडी अजून वाढली असती, पण एवढ्यावरनं सुद्धा असं म्हणता येतं की तिची पिल्लं तळावर न चालता काही आठवडे वर तरंगली असती, वेंगुर्ल्याला निघालेली कुठं लागली असती कोण जाणे. आपल्या किनाऱ्याचं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस डिग्री, म्हणजे राखायला वर्षं नाही, काही आठवडेच. जात कुठली ते अंड्यावरनं सांगता येत नाही, आपल्याकडं मासळीबरोबर चार-पाच जाती तरी येतात.

गंमत म्हणजे जपानमध्ये एक छोटा ऑक्टोपस खातात त्याचं नावच भातावरनं आहे. इइदाको. इइ म्हणजे शिजलेला भात. उकडल्यावर पोटात भाताची शितंच दिसतात. पण त्याचं अंडं तुमच्या तिप्पट, अख्खं शीत, आणि काही शेच असतात, पिल्लं थेट तळावर. तुमची कणी, त्यांचं शीत, ह्या एका फरकात वरची सगळी चर्चा आली.

निपाणी_एक्सप्रेस

आणि तो दुसरा? दोन आणले होते ना. त्याच्या पण पोटात भात?

शहापूरची_सून

तो फ्रीझरमध्ये, अजून साफ केला नाही. न कापता नर का मादी कळतं काय?

जांबोटीचा_मास्तर

कळतं. वितळू दे. मग डोळे वर, पोटाची पिशवी तुमच्याकडं आणि हात पलीकडं, असा ताटात पसरा. समोर मधोमध जी हातांची जोडी येते तिथनं उजवीकडं मोजा, एक, दोन, तीन. तिसऱ्या हाताचं टोक बघा. बाकीच्या हातांना टोकापर्यंत चकत्या असतात. नराच्या ह्या हाताच्या टोकाला चकत्या नसतात, गुळगुळीत असतं आणि हाताच्या कडेनं एक पन्हाळ गेलेली असते, त्यातनंच तो वीर्याची पुडी मादीच्या पिशवीत सरकवतो. वर जो अर्गोनॉट सांगितला त्याच्या नराचा तर हा हात तुटून मादीतच राहतो, क्युव्हिए नावाच्या एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला तो हात म्हणजे मादीच्या अंगातला जंत वाटला होता आणि त्यानं त्याला जंताचं वेगळं नाव पण देऊन टाकलं होतं. नर पण फार दिवस नसतो हं, जोडी झाल्यावर काही महिन्यांत तो पण जातो, फक्त त्याच्यावर कोण गोष्टी लिहीत नाही.

शहापूरची_सून

बघितलं. तिसरा उजवा. बाकीच्या सातांना टोकापर्यंत मोहरीएवढ्या चकत्या, ह्याला शेवटचा नखाएवढा तुकडा कोरा, मधे खोलगट, मीठ वाढायचा बारका चमचा असतो तसा. पन्हाळ पण बोटाला लागली.

नर आहे. पोरगा फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकायला बसलाय, मी कांदा चिरायला घेतला.